हिमालयन ४११ ला हँडलबार रायझर बसवावेत का? किती मिलीमीटरचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उंची ५ फूट ११ इंच, गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, पुण्याहून कोकण-गोव्याला जाणं होतं, दोन तासांनी खांदे भरून येतात आणि करंगळीकडची बोटं बधिर होतात. मित्राने ५० मिमीचे, मागे झुकवता येणारे रायझर (हँडलखाली बसवून ते वर उचलणारे ठोकळे) सुचवलेत. ते बसवावेत का, आणि वायरी बदलाव्या लागतील का?

५० मिमीचे घेऊ नका. झुकणारे तर अजिबात नकोत. २५, फार तर ३० मिमी, अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कापलेले, आणि तेही आधी आहे ते हँडल नीट लावून पाहिल्यावर. एवढ्या उंचीला ४११ च्या वायरी सहसा पुरतात. पण तुमच्या गाडीला पुरतात की नाही हे तुमच्याच गाडीचं हँडल फिरवून ठरवायचं, माझ्या सांगण्यावरून नाही.

उत्तर इथेच संपवलं असतं, पण ५० चा आकडा वाचला आणि राहवलं नाही.

मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो. जिग, फिक्स्चर, डायचे सुटे भाग हे रोजचं काम. माझ्या गाडीचे रायझर मी स्वतः मिलिंगवर काढलेत, ६०८२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारमधून, २५ मिमीचे. आमच्या ग्रुपमध्ये एक दादा आहेत. वयाने मोठे, लडाख-स्पिती करून आलेले. रूट तेच ठरवतात, त्यांच्या शब्दाला मान आहे आणि तो मीही देतो. त्यांनी माझे रायझर हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "एवढ्याशाने काय होतंय? लावायचेच तर घसघशीत लाव." मग स्वतःसाठी ऑनलाइन ५० चे मागवले. खालचा तुकडा वेगळा, वरचा वेगळा, मधे दातांचा सांधा आणि तो आवळायला एकच बोल्ट. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात बसवूनही घेतले.

गुहागरला निघायच्या आदल्या संध्याकाळी गाड्या बघायला जमलो होतो. त्यांचं हँडल मी डावीकडे पूर्ण वळवलं तर हेडलाइटच्या मागे रेसची वायर (मुठीपासून इंजिनकडे जाणारी, जी ओढली की रेस वाढते) ताठ झालेली. ढील म्हणून नव्हतीच. मी म्हटलं, "दादा, इंजिन चालू करून एकदा हँडल इकडून तिकडे फिरवून बघू. वायर ओढतेय." ते म्हणाले, "अरे, घरापासून चालवतच आणली ना इथवर? तुझी टूलरूम भोसरीतच ठेव." सगळ्यांसमोर म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा उडवून लावलं. शेवटी म्हटलं, निदान जुने बोल्ट तरी टूलकिटमध्ये टाका. तेवढं मात्र त्यांनी ऐकलं.

वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, मग कशेडी, खेड, दापोली. आंबेनळीच्या एवढ्या वळणांत काही झालं नाही. होणारही नव्हतं. घाटातल्या वळणाला गाडी झुकते, हँडल टोकापर्यंत जात नाही. ते टोकापर्यंत जातं पार्किंगमध्ये, अरुंद रस्त्यावर गाडी उलटी वळवताना आणि फेरीबोटीत. म्हणजे वेग पायी चालण्याइतका, क्लच अर्धा दाबलेला आणि एक पाय टेकायच्या बेतात असताना. लोक रायझर लावून हायवेला दोनशे किलोमीटर चालवून येतात आणि सांगतात, वायरी पुरतात. हायवेवर हँडल दोन बोटं तरी वळतं का? त्या दोनशे किलोमीटरनी काहीही सिद्ध होत नाही.

दाभोळहून धोपाव्याला जायला वाशिष्ठीच्या मुखाशी फेरीबोट आहे. उताराच्या लोखंडी पत्र्यावरून आत शिरलं की बोटीवरचा माणूस हाताने खुणावतो: मोटारसायकली कडेला, एकमेकींना चिकटून. दादांनी डावीकडे पूर्ण हँडल मारलं आणि इंजिनची रेस एकदम वाढली. मी त्यांच्या लगेच मागे होतो. त्यांनी मूठ पिळलेली नव्हती, मनगट मला दिसत होतं. गाडी पुढे झेपावली, त्यांनी क्लच दाबून पुढचा ब्रेक धरला, चाक वळलेलं, खाली ओला पत्रा. सामानासकट ते वजन डाव्या अंगावर गेलं. क्लचचं लिव्हर टोकाकडून मोडलं, घोटा सुजला. पुढच्या कारचा बंपर वीतभर लांब होता आणि त्या कारमधून उतरलेली दोन मुलं कठड्याशी उभी होती.

दादा तेव्हापासून म्हणतात की पत्रा ओला होता, पाय घसरला. पत्रा ओला होताच. त्याच पत्र्यावर आमच्याही गाड्या होत्या.

गुहागरला जिथे उतरलो होतो त्या घराच्या अंगणात रात्री मी त्यांची गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिन गरम होऊ दिलं, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) १३०० च्या आसपास. हँडल सरळ, काटा स्थिर. उजवीकडे टोकापर्यंत, तरी स्थिर. डावीकडे टोकापर्यंत नेलं आणि काटा २५०० च्या वर गेला. मूठ कुणी धरलेलीसुद्धा नव्हती. सगळ्यांनी पाहिलं. दादा म्हणाले, "पडल्यामुळे वायर ओढली गेली असेल." ठीक आहे. मी रायझर काढले, हँडल मूळ जागी बसवलं, जुने बोल्ट लावले. वायरीला बोटसुद्धा लावलं नाही. पुन्हा डावीकडे टोकापर्यंत वळवलं, आणि काटा १३०० वरून हलला नाही. तीच वायर, तीच पडलेली गाडी, मधून फक्त ५० मिमी गेले. पडण्यामुळे वायर ओढली गेली असती तर रायझर काढल्यावरही आरपीएम वाढला असता. याचं उत्तर दादांनी त्या रात्री दिलं नाही आणि अजूनही दिलेलं नाही. ग्रुपमध्ये विषय निघाला की ओला पत्राच पुढे येतो आणि नव्या पोरांना ५० चेच रायझर सुचवले जातात. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

जुने बोल्ट सोबत होते म्हणून रायझर काढणं जमलं. रायझरबरोबर येणारे लांब बोल्ट मूळ भोकात घातले की तळाला टेकतात. हाताला घट्ट लागल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात हँडल पकडलेलंच नसतं. याच्या उलट प्रकारही होतो: रायझर मधे घालून बोल्ट जुनेच ठेवायचे. मग दोन-तीन आटे धरतात आणि सगळा भार त्यांच्यावर. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम-८ चा (८ मिमी जाडीचा) बोल्ट किमान १२ मिमी आत गेलाच पाहिजे. बाहेर काढून वर्नियरने मोजा, अंदाज नको. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (ताकदीची श्रेणी) कोरलेलं असेल तो बोल्ट घ्या. चकचकीत साधा स्टेनलेस बोल्ट ताकदीला ८.८ पेक्षा कमी असतो, दुकानदार काहीही सांगो. आटे साफ करून निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा आणि टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या) आवळा. मॅन्युअलमधला आकडा धरा. एम-८ ला असे आकडे साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरच्या घरात असतात. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पान्याने तपासा.

झुकणाऱ्या रायझरवर माझा राग त्या एका सांध्यासाठी आहे. जोरात ब्रेक मारला की तुमचं अर्धं शरीर हँडलवर येतं, आणि हँडल जितकं उंच तितका तो जोर सांध्याला जास्त पिळतो. त्यात एक बोल्ट आणि चार दात. कोकणातल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर काय खड्डे असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अखंड ठोकळ्यात ढिला होण्यासारखा सांधाच नसतो.

आता उंची. अखंड रायझर हँडल फक्त वर नेतो असं नाही. पुढचा सगळा सांगाडाच मागे कललेला असतो, आणि रायझर त्याच रेषेत बसला तर हँडल वरही जातं आणि तुमच्याकडेही येतं. तो कल २६ अंश धरला तर ३० मिमीच्या रायझरने हँडल सुमारे २७ मिमी वर आणि १३ मिमी मागे येतं. ५० च्याने ४५ वर, २२ मागे. एवढं मागे आलं की पाठ पूर्ण ताठ होते आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ माकडहाडातून मणक्यात जातो. थोडं पुढे झुकलेलं शरीर तो दणका कमरेच्या वाकण्यात जिरवतं. शिवाय सातारा-कोल्हापूर हायवेला नव्वदच्या पुढे गेलात की वारा छातीवर येतो, तुम्ही हँडलला लटकता, आणि खांदे पुन्हा दुखायला लागतात. दादा हायवेला दर तासाने थांबायचे ते चहासाठी नव्हे.

तुमच्या उंचीला रायझरचा खरा उपयोग उभं राहून चालवताना आहे. ४११ ला पुढे २१ इंची चाक दिलंय ते खराब रस्त्यासाठी, आणि तिथे उंच माणसाला उभं राहिलं की हँडलसाठी वाकावं लागतं. २५ ते ३० मिमी तिथे लगेच जाणवतात. फूटरेस्टवरचं रबर काढता येत असेल तर आधी ते काढून बघा. पाय तेवढे खाली जातात, हँडल तेवढं वर आल्यासारखं होतं, आणि खर्च शून्य.

बसून चालवताना हात दुखतात त्यासाठी आधी पाना काढा. हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल थोडं मागे फिरवा. मूळ जागेची खूण हँडलवर असेल तर ती लक्षात ठेवा. मग लिव्हर. शोरूममधून गाडी येते तेव्हा लिव्हर बऱ्याचदा आडवी असतात. गाडीवर बसून हात सहज पुढे करा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा झाली पाहिजे, लिव्हर धरताना मनगट वर मुडपता कामा नये. करंगळीकडची बोटं बधिर होतात म्हणताय, तर तळहाताच्या त्या कडेवर सतत भार पडून तिथली नस दबत असण्याची शक्यता जास्त आहे. कोपर ताठ आणि मूठ घट्ट ठेवणाऱ्यांना हे बऱ्याचदा होतं. टाकी गुडघ्यांनी धरा, वजन मांड्यांवर घ्या. आणि एक विचारतो: सीटवर एअर कुशन टाकलंय का? तसं असेल तर तुम्ही वर गेलात आणि हँडल खाली राहिलं. कित्येक जण आधी कुशन घेतात, मग ते भरून काढायला रायझर घेतात.

गुहागरच्या अंगणात मी दादांचं हँडलही थोडं मागे फिरवलं होतं आणि मोडकं लिव्हर खाली केलं होतं. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगडला दुसरी फेरी, पुढे गणपतीपुळे. रायझर बॅगेत आणि खांद्यांची तक्रार नाही. सुजलेल्या घोट्याची होती. पुण्यात परतल्यावर ते रायझर त्यांनी पुन्हा बसवले, या वेळी लांब वायरी आणि लांब ब्रेक होज (ब्रेकच्या तेलाची नळी) घालून. आता इंजिन ओरडत नाही. ते म्हणतात बघ, ५० चे चालतात. चालतात, पण हेच आधी केलं असतं तर? आणि पाठीवरचा दणका, सांध्यातला बोल्ट हे प्रश्न तसेच आहेत.

वायरींबद्दल तुम्ही विचारलं होतं, ते राहिलं. रेसची वायर, क्लचची वायर, पुढच्या ब्रेकचा होज आणि दोन्ही स्विचच्या वायरिंगचे गुच्छ, एवढं सगळं रायझरबरोबर वर येतं. दोन्ही टोकांना हँडल नेऊन प्रत्येकाला बोटाने हलवून बघा, ढील दिसली पाहिजे. क्लचची फ्री प्ले (लिव्हरची सुरुवातीची मोकळी चाल) सरळ हँडलवर आणि दोन्ही टोकांना सारखीच हवी. होजला पीळ किंवा ताण नको, तो फ्रेमला घासता कामा नये. वायरिंगचा ताण पहिल्या दिवशी दिसत नाही. आतली तार हळूहळू तुटते आणि एखाद्या रात्री हॉर्न किंवा डिपर बंद पडतो. वायर अडकली असेल तर कधी कधी पट्टी सोडून वेगळ्या बाजूने फिरवली की पुरते, नवी घ्यावी लागत नाही. टँकबॅग वापरत असाल तर ती लावून, भरून, पुन्हा हँडल फिरवा.

गाडी ४११ ऐवजी नवी ४५० असती तर तिला रेसची वायर नाही, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे इंजिन ओरडण्याचा हा प्रकार तसा होणार नाही. क्लच आणि ब्रेकची तपासणी मात्र तीच. वॉरंटी बाकी असेल तर बसवायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. बोटांचा बधिरपणा गाडीवरून उतरल्यावर तासाभरात जात नसेल, किंवा रात्री झोपेत येत असेल, तर रायझरचा विचार सोडून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तो मानेतूनही येऊ शकतो.

गॅरेजमध्ये बसवून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी, तिथेच, मधल्या स्टँडवर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. काटा जरासाही हलला तर गाडी बाहेर काढू नका.