गायकवाड : गायकांचा वाडा नव्हे, गायीचं कवाड

प्रश्न असा आला आहे : "'गायकवाड' म्हणजे गायकांचा वाडा, असं एका निवेदकाच्या तोंडून ऐकलं. खरं का? आणि नाशिक जिल्ह्यात इतके गायकवाड आहेत, ते सगळे मुळात एकाच घराण्यातले का? मुलगा-मुलगी दोघंही गायकवाड असतील तर भाऊबंद मानायचे का?"

पहिल्याचं उत्तर : नाही, साफ नाही. 'गायक्-वाड' हा उच्चार हल्ली सभांतून, बातम्यांतून, शाळेच्या हजेरीतून सारखा कानी येतो आणि त्यातूनच ही गायकांची व्युत्पत्ती जन्मली आहे. आधी जीभ चुकते, मग त्या चुकीला अर्थ चिकटवला जातो. शब्दाचे तुकडे गाय आणि कवाड. म्हणताना 'य' हलन्त, 'क' पूर्ण : गाय्-कवाड. घाईत 'क'मधला 'अ' पुसट होऊन गाय्-क्वाड ऐकू येतं, त्याला हरकत नाही. आवाज थांबायचा तो 'य'वर. छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर 'गाय-' वर तोडावा. निम्मा घोळ 'गायक-' वर तोडणाऱ्यांनी घातला आहे.

शिवाय गावात गाणाऱ्याला गायक म्हणत कोण होतं? तो गवई, शाहीर, गोंधळी. आणि गावावरून आडनाव पडलं की मराठी त्याला बहुधा 'कर' लावते. निफाड तालुक्यातलं शिरवाडे, म्हणून कुसुमाग्रज शिरवाडकर. 'गायकवाड' हे ठिकाण असतं तर माणसं गायकवाडकर झाली असती.

आता कवाड. संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी, झडप. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'प' प्राकृतात 'व' होतो (दीप, दिवा, ताप, ताव) आणि 'ट'चा 'ड' होतो (वट, वड, घोटक, घोडा, कटु, कडू). दोन्ही नियम एकाच शब्दावर चालले आणि कपाटाचं कवाड झालं. हिंदीतलं किवाड त्याचंच भावंड. गंमत पुढे आहे. कवाड दाराला लागून शतकं लोटल्यावर मराठीनं मूळ संस्कृत शब्द पुन्हा उचलला आणि कपडे-भांडी ठेवायच्या, झडपा असलेल्या लाकडी वस्तूला दिला. म्हणजे घराचं कवाड आणि घरातलं कपाट हा एकच शब्द आहे, एक चालत आलेला, दुसरा ग्रंथातून आणलेला.

गायकवाडांच्या राजधानीचं नावही याच नियमातून निघालं. जुन्या ताम्रपटातलं वटपद्रक. त्यातल्या वटाचा वड झाला आणि वडोदरा, बडोदे ही रूपं आली. पुढे इंग्रज आले. आपला स्वरांमधला 'ड' जिभेला नुसता फटका देऊन जातो. त्यांच्या कानाला तो 'र' वाटला. म्हणून 'गेकवार ऑफ बरोडा', दोन्ही शब्दांत तोच 'र'. त्यांच्या जुन्या कागदांत 'गुइकोवार' असंही सापडतं आणि ते मला फार मोलाचं वाटतं. त्यातला 'को' सांगतो की ऐकणाऱ्याला 'क'नंतर स्वर स्पष्ट ऐकू येत होता. 'गायक्' असं तोडून कुणी बोलत असतं तर तो 'को' आलाच नसता. मोडी कागदांतून हे कळत नाही, कारण मोडीत शब्द तोडून लिहायची रीतच नव्हती.

इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो कोणत्या कवाडाचा. बडोद्याच्या घराण्यात परंपरा अशी की पूर्वज नंदाजी मावळात किल्ल्यावर असताना कसायाकडे निघालेल्या गायी त्यांनी किल्ल्याचं कवाड उघडून आत घेतल्या. आडनावांवर लिहिणारे ही कथा देतात आणि लेखणी खाली ठेवतात. हे मला मुळीच मान्य नाही. कथा एका घराण्याची. आडनाव मात्र मराठ्यांत आहे, पूर्वाश्रमीच्या महारांत म्हणजे आजच्या बौद्धांत आहे, आणखी कितीतरी समाजांत आहे. एका किल्ल्याचं एक कवाड इतक्या घरांना कसं पुरेल?

माझा तर्क असा, की हे कवाड गावाचं. सकाळी गुरं गायरानाकडे सोडायची, दिवेलागणीला आत घ्यायची, आणि त्या वेळी कवाडाशी कुणीतरी उभं असायचं. वेशीची राखण करणारा वेसकर हा तर बहुतेक गावांत महारच. काम गावोगाव असेल तर नावही गावोगाव, एकमेकांशी नातं नसताना पडेल. पाटील, देशमुख, चौगुले ही कामावरून पडलेली नावं अनेक जातींत आहेतच ना? मग गायकवाडालाच एक मूळपुरुष कशाला शोधायचा?

नाशिक जिल्हाच पाहा. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, बडोद्याच्या घराण्याच्या दूरच्या शाखेतला शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव १८७५ साली दत्तक गेला आणि महाराज सयाजीराव झाला. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली जन्मलेले भाऊराव, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो नाशकात उभा केला त्यांनी. १९५७ साली ते लोकसभेत गेले आणि भूमिहीनांसाठी लढत राहिले. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते पहिल्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि काळारामच्या लढ्यात त्यांचा उजवा हात होते दुसरे गायकवाड. बंगळुरूला जन्मलेले शिवाजीराव गायकवाड रजनीकांत झाले. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार दत्ताजीराव गायकवाड; त्यांचे चिरंजीव अंशुमान यांनी १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा केल्या. आडनाव एक एवढ्यावरून या सगळ्यांचं नातं लावणं म्हणजे सगळ्या पाटलांचा एकच वाडा समजणं.

लग्नाचं राहिलं. आडनाव हा भाऊबंदकीचा पुरावा नव्हे. मूळ गाव, देवक आणि कुलदैवत, तिन्ही विचारा. तिन्ही जुळली तर थांबून वंशावळ पाहा. पंचवटीत रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. नुसतं 'गायकवाड' सांगून तिथं काही हाती लागत नाही. मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं लागतात. बहुतेकांची चूक इथंच होते : गाव विचारलं की नाशकातलं सातपूर किंवा सिडको सांगतात. घर तिथं असेल, पण कारखान्यातल्या नोकरीसाठी वडील ज्या गावाहून आले, ते सांगायचं. आणि जुनी पानं मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारं माणूस सोबत न्या.