‘फ्री’ ८४ दिसलं म्हणून रॅम विकत घेऊ नका

प्रश्न: फोंड्यात आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या, सामानाच्या ऑर्डरी वेबसाईटवर येतात. सर्व्हर भाड्याचा, २ कोअर, २ जीबी रॅम. त्यावर उबुंटू लिनक्स, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी आणि डेटाबेससाठी मारियाडीबी. रॅमचा हिशेब दाखवणारी ‘फ्री -एम’ कमांड मारली तर ‘फ्री’खाली जेमतेम ८४ (एमबी) दिसतात. लोड ३.८. सर्व्हरवाला म्हणतो, रॅम भरली, ४ जीबीचा प्लॅन घ्या. तूर्त कॅश (रॅममध्ये ठेवलेल्या फाईलींच्या प्रती) रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, टाकून दर तासाला चालवतोय. तरी तासाचा ठोका पडला की साईट पाच-दहा मिनिटं अडकते. आकडे सोबत पाठवतो. प्लॅन घ्यावा का?

उत्तर: प्लॅन राहू दे, क्रॉनमधली ती ओळ आधी काढा. हे उत्तर अर्धवट सोडून काढलीत तरी चालेल.

तुम्ही पाठवलेल्या त्याच ओळीत ‘बफ/कॅश’ १००९ आहे आणि अगदी शेवटी ‘अव्हेलेबल’ ९२५. बघायचा आकडा हा शेवटचा. लिनक्स रॅम रिकामी पडू देत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेला फोटो किंवा पीएचपीची फाईल तो रॅममध्ये ठेवून देतो, म्हणजे पुढच्या वेळी डिस्ककडे जावं लागत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की यातली बरीचशी लगेच सोडून देतो. स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेला, हात न लावता नव्या कामाला किती रॅम मिळेल, याचा अंदाज म्हणजे ‘अव्हेलेबल’. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ३.१४ आवृत्तीत, म्हणजे २०१४ साली, हा आकडा आला. तोवर लोक फ्री आणि कॅश यांची बेरीज करायचे, आणि ती बऱ्याचदा फसायची.

चवथीच्या बाजारात तुम्ही गोदामातला माल काढून काउंटरवर मांडता. दर तासाला कुणी तो उचलून परत गोदामात नेऊन टाकला तर गिऱ्हाईक ताटकळणारच. तुमचा क्रॉन नेमकं हेच करतोय, आणि तासाच्या ठोक्याचं कोडं बहुतेक इथेच सुटतं.

याला दुजोरा तुम्ही पाठवलेल्या ‘टॉप’ कमांडच्या आकड्यांत आहे. अडकलेल्या वेळी सीपीयूचा वेळ कुठे गेला, त्याचे टक्के: यूएस (प्रोग्रॅमचं काम) ११, एसवाय (कर्नलचं काम) ४, आयडी (मोकळा) २७, डब्ल्यूए (डिस्कची वाट) ५७, एसटी (शेजाऱ्यांकडे गेलेला) १. म्हणजे सीपीयू काम करून दमलेला नाही, डिस्ककडे डोळे लावून बसलाय. लोड ३.८ म्हणजे सीपीयूवर तेवढा भार, असं लिनक्समध्ये धरून चालत नाही. सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस त्यात मोजल्या जातात, तशा डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेल्याही. टॉपमध्ये ज्यांच्यापुढे ‘डी’ दिसतो, त्या या दुसऱ्या. एसटी १ सोडून द्या. तो सतत १०-१५ राहिला तर मात्र एकाच मशीनवरचे शेजारी तुमच्या वाट्याचा सीपीयू खातायत, आणि तेव्हा सर्व्हरवाल्याशी भांडायला हरकत नाही.

क्रॉनमधली ओळ काढल्यावर गर्दीच्या वेळी ‘व्हीएमस्टॅट १’ ही कमांड चालवा, ती दर सेकंदाला एक ओळ छापते. पहिली ओळ मोजू नका, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ (स्वॅपमधून आत) आणि ‘एसओ’ (स्वॅपकडे बाहेर) शून्याच्या आसपास असतील तर रॅम पुरतेय. स्वॅपमध्ये थोडे एमबी नुसते पडून असले तर असू देत. हे दोन रकाने सतत हलत राहिले तर टंचाई खरी.

चवथीच्या आठवड्यासाठी एक गोष्ट आजच तपासा: पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या फाईलमधला ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस. कुणीतरी उत्साहाने ५० लिहून ठेवलेलं असतं. टॉपमध्ये एका पीएचपी प्रोसेसचा ‘आरईएस’ (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) ६० एमबी दिसत असेल तर ५० चे ३ जीबी होतात. सामाईक भाग प्रत्येकात पुन्हा मोजला जातो, म्हणून खरा खर्च थोडा कमी, पण २ जीबीत तो मावणार नाही. त्या हिशेबाने दहाच्या आसपास ठेवा. अकरावं गिऱ्हाईक क्षणभर थांबेल, ते परवडलं. नाहीतर रॅम संपल्यावर कर्नल एखादी मोठी प्रोसेस मारतो, आणि तो मान बहुधा मारियाडीबीला मिळतो. तसं झालं असेल तर कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसग’ कमांडमध्ये ‘आऊट ऑफ मेमरी’ची ओळ सापडते. आकडा कमी करूनही ती ओळ पुन्हा आली, तर ४ जीबी घ्या.