मशीन गॅरेजात अडकलंय, पण ते कुणालाही एकट्याने उघडू देऊ नका

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या बामणोली भागात राहतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात माझी प्रवासी बोट आहे. ती मीच चालवतो, मदतीला एक पोरगा असतो. फेब्रुवारीत 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पुण्यातल्या एका गॅरेजात दिलं. पाण्याच्या पंपाचा इंपेलर नवीन टाकला म्हणून आणि बाकी कामाचे मिळून 38,500 रुपये घेतले. बिल साध्या कागदावर, खाली ‘गॅरंटी नाही’. चौथ्या दिवशी मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार बंद पडली, प्रवासी काठाला आणेपर्यंत मशीन तापून जाम झालं. परत नेलं, तर म्हणाले, तुम्ही गाळात चालवलं. अजून उघडलेलं नाही, पण दुरुस्तीचे आणखी 22,000 सांगतात. वर पुण्यातल्या चुलतभावाच्या जीपचं 14,000 चं जुनं बिल भरल्याशिवाय मशीन मिळणार नाही म्हणतात. ऐन हंगाम चाललाय. काय करू?

उत्तर: आधी आजच्या आज गॅरेजला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: ‘माझ्या हजेरीशिवाय मशीन उघडू नये.’ तुमची सगळी केस मशीनच्या खालच्या भागात बसलेल्या, मुठीत मावणाऱ्या रबरी चाकावर उभी आहे. हे चाक म्हणजेच इंपेलर, तो तलावाचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो. तो नवा टाकलाच नसेल, किंवा त्याला शाफ्टशी (फिरत्या दांड्याशी) धरून ठेवणारी छोटी चावी बसवायची राहिली असेल, तर शाफ्ट फिरतो आणि इंपेलर जागेवर थांबतो. याउलट गाळ ओढला गेला असेल, तर पाती झिजलेली आणि पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे दिसतात. जाणत्या मेकॅनिकला हा फरक पाहताक्षणी कळतो. पण एकदा कुणी एकट्याने मशीन खोलून पार्ट बदलले, की उरतं फक्त तुमचं तोंड आणि त्यांचं तोंड. चांगल्या केसेस अशाच हातातून गेलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

आता जीपच्या बिलाचं. दुरुस्तीला दिलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे, भारतीय करार कायदा 1872, कलम 170. पण तो त्याच वस्तूवर केलेल्या कामाच्या पैशांपुरता. कुठल्याही जुन्या थकबाकीसाठी माल धरून ठेवायचा हक्क कलम 171 ने बँका, अडते अशा मोजक्यांना दिलाय, त्यात गॅरेज नाही. शिवाय इथे उधारी दुसऱ्याची, गाडी दुसऱ्याची. तुम्ही 38,500 भरलेत आणि नवं काम अजून झालेलंच नाही, तेव्हा 22,000 साठीही मशीन अडवता येत नाही. तुम्ही मागूनही ते देत नसतील, तर त्या दिवसापासून मशीनचं जे नुकसान होईल ते कलम 161 प्रमाणे त्यांच्या माथी.

‘गॅरंटी नाही’ या दोन शब्दांनी फार घाबरू नका. त्यांचा अर्थ फार तर एवढाच, की काम नीट करूनही पुढे दुसरं काही बिघडलं तर ते जबाबदार नाहीत. न टाकलेल्या पार्टचे पैसे घेणं किंवा पार्ट चुकीचा बसवणं त्यात झाकलं जात नाही.

तुमची कच्ची बाजूही सांगायला हवी. धार बंद झाल्यावर मशीन चालू ठेवलंत, हा मुद्दा ते काढणारच. बोटीत माणसं होती, ती मधल्या पाण्यात सोडून कसं चालेल? तुम्ही केलंत ते योग्यच होतं. पण किती मिनिटं चालवलं, कुठून कुठे, त्या दिवशी काठाला गाळ होता का, हे तुम्ही आणि त्या पोराने आजच आठवून तारखेसह लिहून ठेवा. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरतं आणि काठ उघडे पडतात हे गॅरेजवालेही जाणतात. यात एक शब्दही वाढवू नका, लपवू नका. बोटीची नोंदणी आणि तपासणीचे कागदही काढून ठेवा. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 नुसार ते लागतात, आणि समोरचा वकील विचारणार.

तक्रार साताऱ्यातच करता येईल, पुण्याला खेटे नकोत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जायची मुभा देतो. रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही, मुदत 2 वर्षांची. एक आक्षेप मात्र नक्की येईल: ‘बोट धंद्याची, म्हणून हे ग्राहक नाहीत.’ स्वतः राबून पोट भरणाऱ्याला कायद्यात सवलत आहे, पण जुन्या कायद्यात ती वस्तू आणि सेवा दोन्हींना होती, 2019 च्या स्पष्टीकरणात शब्द वस्तूंपुरतेच आलेत. म्हणून तक्रारीत इंपेलर आणि इतर पार्ट विकत घेतल्याचं ठळक लिहा, आणि बोट तुम्हीच चालवता, घर त्यावरच चालतं, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच, आणि हाताखाली एकदोन माणसं असली म्हणून तो धंदेवाला ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात म्हटलंय. त्याचा आधार घ्या. आयोगाने ऐकलं नाही तरी 3 वर्षांच्या आत दिवाणी दावा आहेच.

बुडालेल्या फेऱ्यांची भरपाई मागा, पण वहीतल्या नोंदींवर. नुसता अंदाज टिकत नाही. भाड्याचं मशीन मिळत असेल तर ते लावा आणि पावत्या ठेवा. हातावर हात धरून बसल्यास करार कायद्याचं कलम 73 तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल.

नोटीस पोहोच मिळेल अशी पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. संयुक्त तपासणीची तारीख, तुमच्या बाजूचा मेकॅनिक आणि मशीनचा सिरीयल नंबर, तिन्ही त्यात हवेत. व्हॉट्सअ‍ॅप पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. चार पोरं घेऊन मशीन उचलून आणायचा विचार मनात असेल तर सोडा. आज बाजू तुमची आहे, उद्या गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

आणि हंगाम अगदीच निसटत असेल, तर शेवटचा मार्ग. ‘हे 14,000 मी देणं लागत नाही, मशीन अडवल्यामुळे नाइलाजाने भरतोय’ असं आधी लिहून कळवा आणि रक्कम बँकेतूनच पाठवा. बेकायदा माल अडवून उकळलेले पैसे करार कायद्याच्या कलम 72 खाली परत मागता येतात. मशीन ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी फोटो काढा, सिरीयल नंबर पडताळा, पोत्यात बांधून दोघांच्या सह्यांचं सील लावा, आणि ते सील तपासणीच्या दिवशी सगळ्यांसमोरच फोडा.