लहरी की लाटा?

प्रश्न असा आला आहे : हिंगोलीत ‘गुरुत्वीय लहरी’ पकडायला ४ किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो वेधशाळा व्हायची आहे. मग कोल्हापुरात नुसता कॅमेरा आभाळाकडे लावून त्याच लहरींचे फोटो कसे निघतात?

त्याच नव्हेत. इंग्रजीत ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह’ वेगळी आणि ‘ग्रॅव्हिटी वेव्ह’ वेगळी. पहिली म्हणजे खुद्द अवकाशाचेच ताणणे-आकसणे; तिचा शोध फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा मराठीत गुरुत्वीय लहरी, गुरुत्व लहरी, गुरुत्वाकर्षण तरंग असे हाताशी आलेले सगळे शब्द तिच्यावरच खर्ची पडले. दुसरीच्या वाट्याला काही उरलेच नाही.

आणि ही दुसरी तर आपल्या रोजच्या ओळखीची. वारा डोंगरावर आदळला किंवा मोठा गडगडाटी ढग उसळला की हवा वर ढकलली जाते. वर गेल्यावर ती आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरते, म्हणून खाली येते; येताना मूळ पातळीच्याही खाली जाते, तिथे हलकी ठरून पुन्हा वर येते. ही वरखाल पसरत पसरत वर चढते. वरची हवा विरळ, त्यामुळे हेलकावा मोठा होत जातो आणि साधारण ८० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात पुष्कळदा फुटतो, अगदी किनाऱ्यावर फुटावा तसा.

नेमक्या याच पट्ट्यात रात्रीची हवा स्वतः मंद उजळत असते. दिवसा उन्हाने ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि सुटे अणू रात्री पुन्हा जुळताना प्रकाश देतात : हिरवा साधारण ९७ किलोमीटरवरून, हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा), बहुतांशी डोळ्यांना न दिसणारा, ८७ च्या आसपासहून. याला मी ‘वायुदीप्ती’ म्हणतो. (ध्रुवीय प्रकाश नव्हे; तो सूर्याकडून आलेल्या कणांमुळे दिसतो.) शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्राने निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्री अख्खे आकाश एका भिंगात घेऊन ही दीप्ती टिपली आहे. हवेचा हेलकावा त्या थरातून गेला की फोटोत उजळ-काळसर पट्टे उमटतात, एकमेकांपासून काही दशक किलोमीटरवर. हिंगोलीत मोजायचा लांबीतला फरक मात्र प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, आणि तो खुद्द अवकाशाचा. तिथे हलायला हवा-पाणी लागतच नाही.

म्हणून माझे मत : दुसरीला ‘गुरुत्व-लाटा’ म्हणावे. समुद्राची लाटही शास्त्राच्या हिशेबाने ग्रॅव्हिटी वेव्हच, कारण उसळलेले पाणी गुरुत्वामुळेच खाली येते. लाट म्हटले की काहीतरी खरोखर वरखाली होते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. कुणी ‘प्लावक लहरी’ सुचवतील. शाळेतल्या ‘प्लावक बला’शी ते जुळते, चुकीचेही नाही, पण ‘लहरी’ आली की वाचक पुन्हा हिंगोलीला पोचतो. ‘उष्णतेची लाट’ वरखाली होत नाही, असा आक्षेप येईल. तो मान्य, पण ती लाट नुसती नावापुरती.

तेव्हा हिंगोलीत लहरी, कोल्हापुरावर लाटा.