बागेतल्या फांद्या तोडताना चेनसॉची धार सारखी जाते. झटपट धार लावायला काय घ्यावं?

टू-इन-वन कानस घ्या, ग्राइंडरच्या नादी लागू नका. तो दात फार खातो. या कानशीत दोन गोल आणि एक चपटी अशा तीन कानशी असतात, म्हणून दाताला धार लागतानाच त्याच्या पुढचा उंचवटाही घासला जातो. तो उंचवटा राहिला की धार असूनही साखळी लाकडात शिरत नाही. कानस साखळीच्या मापाचीच हवी: ३/८ इंची लो-प्रोफाइल (बुटक्या) साखळीला ४ मिमी जाडीची, .३२५ इंचीला ४.८ मिमी. इंजिन बंद, हातात मोजे. पुढे ढकलतानाच घासायचं, मागे आणताना उचलायची. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली. मी पेट्रोल भरायला थांबलो की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारतो. मातीला लागली तर मात्र लगेच.