वाचकांचे प्रश्न : मोठ्यांचे ॲनिमेशन आणि घरातली मुले

प्रश्न : सुट्टीत आम्ही घरच्या सगळ्यांनी नेटफ्लिक्सवर ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी ॲनिमेशनपट पाहिला. त्याच स्टुडिओचा ‘माय नेबर टोटोरो’ माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा लाडका आहे, म्हणून हाही तसाच असेल असे वाटले होते. मुलगी मध्येच उठून गेली आणि त्या रात्री एकटी झोपायला तयार होईना. ‘पोरांच्या कार्टूनमध्ये असले कशाला दाखवायचे?’ असे सासूबाई म्हणाल्या. दहावीतला मुलगा मात्र पुढे कितीतरी दिवस त्याबद्दलच बोलत होता. हा चित्रपट नेमका कोणासाठी आहे? जपानमध्ये तो मुलांना दाखवतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या घरात जे घडले, ते जपानमधील चित्रपटगृहांत १९८८ सालीच घडून गेले आहे. हे दोन्ही चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी एकाच तिकिटावर, एकापाठोपाठ एक असे प्रदर्शित झाले होते. ‘टोटोरो’ हायाओ मियाझाकी यांचा, तर ‘ग्रेव्ह’ इसाओ ताकाहाता यांचा. जिथे ‘टोटोरो’ आधी दाखवला गेला, तिथे त्या आनंदी मनःस्थितीत आलेल्या कुटुंबांना दुसरा चित्रपट शेवटपर्यंत बसून पाहणे जड गेले. म्हणजे चित्रपटातील प्रसंगांइतकाच, आपण काय पाहायला बसलो आहोत याच्या अपेक्षेचाही प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेत वाटा असतो. ‘कार्टून’ म्हटले की ते मुलांचे, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कारणही आहे. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहणाऱ्या पिढीपैकी अनेकांना ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती हेही ठाऊक नव्हते. आपल्यापर्यंत जे आले ते बहुतांशी मुलांसाठीचेच होते, त्यामुळे सासूबाईंचे म्हणणे मला मुळीच अनाठायी वाटत नाही.

मात्र हा चित्रपट ज्या कथेवर आधारलेला आहे, ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. अकियुकी नोसाका यांनी ती १९६७ मध्ये लिहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये कोबे शहरावर झालेल्या बॉम्बवर्षावानंतर त्यांची तान्ही म्हणावी एवढी धाकटी बहीण उपासमारीने गेली. भुकेपोटी तिच्या वाटचे अन्न आपण खाल्ले, ही बोचणी त्यांना आयुष्यभर पुरली आणि ती त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवली. ताकाहाता स्वतःही वयाच्या नवव्या वर्षी ओकायामा शहरावरील बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. त्यामुळे या चित्रपटातील आगीचे आणि पळापळीचे चित्रण हे आठवणीतून आलेले आहे.

आता आपल्या मुलाकडे वळतो, कारण या चित्रपटाचा खरा प्रेक्षक मला त्याच्यात दिसतो. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको ही बॉम्बवर्षावात आई गमावलेली भावंडे दूरच्या नात्यातल्या काकूंकडे आश्रयाला येतात, तो भाग आठवून पाहावा. काकू त्यांच्या मृत आईचे किमोनो विकून तांदूळ आणायला सुचवतात. आईचे कपडे जाताना पाहून सेत्सुको रडू लागते. तांदूळ येतो, बरणी भरते, काही दिवस सगळ्यांना पांढरा भात मिळतो. नंतर मात्र काकू कामावर जाणाऱ्या आपल्या मुलीला आणि भाडेकरूला भाताचे गोळे करून देतात आणि या दोघा भावंडांच्या वाट्याला पातळ पेज येते. देशासाठी राबणाऱ्याला आणि दिवसभर घरात बसणाऱ्याला सारखेच कसे देणार, हा काकूंचा मुद्दा असतो. शेवटी सेइता बहिणीला घेऊन घर सोडतो आणि तिथून दोघांची परवड सुरू होते.

लहानपणी हा प्रसंग पाहणाऱ्याला काकू दुष्ट वाटतात. तोच प्रेक्षक मोठा होऊन, संसाराचा भार डोक्यावर घेऊन पुन्हा पाहतो तेव्हा काकूंची ओढाताण त्याला कळू लागते. अलीकडे जपानमध्ये तर सेइतालाच दोष देणारे पुष्कळ प्रेक्षक आहेत : त्याने मान खाली घालून काम करायला हवे होते, त्याच्या हट्टापायी बहीण गेली, असे ते म्हणतात. ताकाहाता यांना याची चाहूल तेव्हाच लागली होती. काळ पुन्हा उलटा फिरला, तर आज सेइताबद्दल वाटणारी सहानुभूती आपण टिकवून धरू का, की काकूंपेक्षाही कठोरपणे त्याला बोल लावू, अशी शंका त्यांनी १९८८ मधील एका मुलाखतीत बोलून दाखवली होती. पाश्चात्त्य देशांत मात्र हा चित्रपट प्रामुख्याने युद्धाविरुद्धचा म्हणून नावाजला गेला; अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी सर्वश्रेष्ठ युद्धपटांत त्याची गणना केली. स्वतः ताकाहाता मात्र आपला चित्रपट युद्धविरोधी नाही, असे वारंवार सांगत राहिले. मला त्यांचे म्हणणे पटते. बॉम्बची भीती लवकर ओसरते, पण पेजेची ती वाटी मनातून जात नाही.

जपानमध्ये हा चित्रपट ऑगस्ट महिन्यात, युद्धसमाप्तीच्या स्मृतिदिनाच्या सुमारास अनेकदा दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आहे आणि तो घरोघरी मुलांसह पाहिला गेला आहे. पण त्या घरांत आजी-आजोबांच्या तोंडून तो काळ आधीच ऐकलेला असे. आपल्या मुलीपुढे तो कोणत्याही तयारीविना आला. ‘ती नुसती चित्रे आहेत’ असे सांगून तिची समजूत घालू नये, कारण ते खरे नाही हे तिला कळले आहे. तिला सेत्सुकोबद्दल बोलू द्यावे आणि उरलेला चित्रपट सध्या राहू द्यावा. मुलाला मात्र काकूंचे कुठे चुकले आणि कुठे नाही, हे अवश्य विचारावे. सासूबाईंना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल, तर त्यांनाही या गप्पांत बसवावे. मिलोची भाकरी, सुकडी आणि भरल्या घरात कोणाच्या ताटात काय वाढले जाई, हे त्या सांगू लागल्या तर आपल्या मुलाला काकू अधिक नीट कळतील, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक. ओटीटीवर कार्यक्रमाच्या सुरुवातीला वयोगटाची सूचना येते. २०२१ च्या नियमांनुसार ती देणे आवश्यक आहे. ॲनिमेशन म्हणून ती न वाचता पुढे जाऊ नये.

प्रश्न : ‘पर्सेपोलिस’ हा चित्रपट आम्हांला अभ्यासाला आहे. साध्या काळ्यापांढऱ्या चित्रांवरून ट्युनिशियात दंगा का झाला असावा?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मार्जान सत्रापी आणि व्हिन्सां पारोनो यांच्या २००७ मधील या चित्रपटात इराणच्या क्रांतीच्या काळातील एक लहान मुलगी देवाशी बोलते आणि देव दाढीवाल्या वृद्धाच्या रूपात दिसतो. इस्लाममध्ये देवाचे चित्रण निषिद्ध मानले जाते, त्यामुळे देवाला असे रूप देणे हे ट्युनिशियातील अनेक श्रद्धावंतांना सहन होण्यासारखे नव्हते. तेथील नेस्मा या दूरचित्रवाणी वाहिनीने ७ ऑक्टोबर २०११ रोजी हा चित्रपट दाखवला, तेव्हा संविधान सभेची निवडणूक अवघ्या दोन आठवड्यांवर आली होती आणि त्याच वर्षी हुकूमशाही उलथून उभ्या राहणाऱ्या नव्या ट्युनिशियात धर्माचे स्थान काय, याच प्रश्नावर देश दुभंगला होता. शिवाय मूळ फ्रेंच चित्रपटातील पात्रे या वेळी तेथील बोलीभाषेत बोलत होती. फ्रेंचमध्ये जे दूरच्या इराणमधले वाटले असते, ते घरातल्या भाषेत थेट घरात आले. वाहिनीवर आणि तिच्या मालकाच्या घरावर हल्ला झाला आणि मे २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला २,४०० दिनारांचा दंड ठोठावला. निबंध लिहिताना चित्रशैलीइतकीच ही तारीख आणि ही भाषा यांचीही दखल घ्यावी. त्यांच्याशिवाय त्या संतापाचा उलगडा होत नाही.