महालक्ष्म्यांसाठी गावाकडे निघताना

पुण्याहून एका वाचकाचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे मूळ गाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा लाडपासून जवळच. वडिलांच्या तेरवीच्या दिवशी शेतीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले, "या घराची पायरी पुन्हा चढणार नाही" असे बोलून ते निघाले, आणि त्याला आता सात वर्षे होऊन गेली. आई भावाकडे असते. तिच्याशी फोनवर बोलणे होते, तेही भाऊ शेतात गेलेला असताना. गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला, "काका, यंदा महालक्ष्म्यांना याच." नेमक्या त्याच दिवसांत दहावीच्या वर्गमित्रांनी एका मित्राच्या शेतात रात्रीच्या जेवणाचा बेत ठरवला आहे. पत्रलेखकांनी मनाशी असे योजले आहे की, कोणालाही न कळवता, कामावरून सुटल्यावर रात्रीच एकट्याने गाडी काढावी, सकाळी आधी मित्रांकडे उतरावे, पूजनाच्या दिवशी दुपारी अचानक घरी जाऊन सगळ्यांना चकित करावे, सगळे एकत्र असतानाच शेतीचा विषय एकदाचा मिटवावा आणि परतताना आईला पुण्याला घेऊन यावे. "ताई, माझे काही चुकत तर नाही ना?" असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

तुमचा जाण्याचा निर्णय योग्य आहे आणि तो कोणत्याही कारणाने फिरवू नका. बाकीचा बेत मात्र जवळजवळ सगळाच बदला, असे मी तुम्हाला कळकळीने सांगते. घरी परत जाणे आणि जुना हिशेब मिटवणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती तुम्ही एकाच फेरीत उरकायला निघाला आहात, आणि त्यांतले दुसरे काम पहिल्यावर पाणी फिरवील अशी मला भीती वाटते.

आधी अचानक जाण्याविषयी. पुतण्याने फोन केला खरा, पण महालक्ष्म्यांचे बोलावणे घरातल्या बाईच्या कानावर न घालता कोणी करत असेल असे मला वाटत नाही. त्या फोनमागे तुमच्या वहिनी असण्याचा संभव मोठा आहे, आणि म्हणूनच तुमचा पहिला फोन त्यांना गेला पाहिजे. पूजनाच्या दिवशी त्या घरात काय चाललेले असते ते तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक, सोळा भाज्यांची निवडणी-चिरणी, पुरण, ज्वारीची आंबील, कढी, वडे. आणि नैवेद्य दाखवून आरती होईपर्यंत घरातल्या कोणीही तोंडात घास घालायचा नाही. अशा ऐन घाईत सात वर्षांनी धाकटे दीर दारात उभे राहिले, तर वहिनींनी हातातले पुरण टाकून डोळे पुसायचे, की तुमच्या दादांच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे, की पाहुण्यांसमोर प्रसंग निभावायचा? तुम्हाला जो आनंदाचा धक्का वाटतो तो सोसायचे काम त्या घरात एकाच व्यक्तीच्या अंगावर पडणार आहे. भावाच्या दृष्टीनेही पाहा. नात्यागोत्यातली मंडळी जमलेली असताना तुम्हाला समोर पाहून त्यांना खरोखर काय वाटते, हे समजून घ्यायलाही त्यांना दोन मिनिटे मिळणार नाहीत. पूर्वकल्पना मिळाली, तर निदान मनातल्या मनात तरी तुमच्याशी भांडून मोकळे व्हायला त्यांना वेळ मिळेल, आणि थोरल्या भावांना तेवढा वेळ द्यावा.

म्हणून फोन करा, निरोप टाइप करून पाठवू नका. "वहिनी, आवाहनाच्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो, चार दिवस राहीन, येताना काय आणू?" इतकेच विचारा. दोघी महालक्ष्म्यांच्या साड्या घेऊन झाल्या नसतील, तर त्या तुमच्याकडून याव्यात असे सुचवा. त्यांनी त्या घेतल्या असतील, तर हट्ट करू नका. सात वर्षांच्या खर्चातला वाटा म्हणून पाकीट नेण्याचा विचार तुम्ही पत्रात बोलून दाखवला आहे, तो तूर्त बाजूला ठेवा. भरल्या घरात पुढे केलेले पैसे मदत म्हणून घेतले जातील की फेड म्हणून, हे तुमच्या हातात राहणार नाही.

आवाहनाचाच दिवस मी का म्हणते, त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. फुलोरा बांधायला स्टुलावर तुम्ही चढत होतात आणि खालून एकेक करंजी, पापडी, वेणी-फणी दोऱ्यात ओवून दादा वर देत असत, असे तुम्ही लिहिले आहे. मला त्या ओळी फार महत्त्वाच्या वाटल्या. कोठ्या मांडणे, साड्या नेसवून मुखवटे बसवताना हाताशी राहणे, केळीचे खांब बांधणे, फुलोरा टांगणे ही कामे पूजनाच्या आधी व्हावी लागतात आणि त्यांना माणसे कमीच पडतात. ज्यांच्यात अबोला आहे अशा दोन पुरुषांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवून "आता बोला" म्हटले, तर ते एक तर गप्प बसतात किंवा भांडतात. काम करताना "दोरी ओढ", "जरा डावीकडे घे" एवढे बोलावेच लागते, आणि तुमच्या बाबतीत सुरुवातीला तेवढे पुरे आहे. माफीचे मोठे भाषण तयार करून नेऊ नका. ओठांवर आलेच, तर "तेरवीच्या दिवशी मी तसे बोलायला नको होते" हे एक वाक्य बोला आणि त्यापुढे "पण तुम्हीसुद्धा" हे शब्द जोडू नका.

रात्रीच्या प्रवासाला माझा स्पष्ट विरोध आहे. पुण्याहून कारंजा साडेचारशे किलोमीटरांहून जास्त पडते. गणपतीच्या दिवसांत वाघोली, शिक्रापूर आणि अष्टविनायकांपैकी एक असलेले रांजणगाव ओलांडतानाच माणूस थकून जातो, आणि छत्रपती संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्ग लागला की उलटीच अडचण सुरू होते. रस्ता सरळ, मोकळा, मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा, जुन्या रस्त्यासारखी पावलोपावली हॉटेले नाहीत. दिवसभर काम करून बसलेल्या एकट्या चालकाचा डोळा तिथे केव्हा लागेल ते त्यालाही कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ माणसे गेली, ते ठिकाण तुमच्याच वाटेवर आहे. एक दिवसाची रजा जास्त घ्या, आदल्या दिवशी संभाजीनगरपर्यंत या, मुक्काम करा आणि सकाळी टायरांतली हवा तपासून पुढे निघा. सात वर्षांनी दादांसमोर उभे राहायचे आहे, तर झोप झालेल्या माणसाने उभे राहावे. जागरणाने चिडलेल्या माणसाच्या तोंडून काय निघते याचा अनुभव तुमच्या घराने तेरवीच्या वेळी घेतलाच आहे.

मित्रांकडे जरूर जा, पण घरी आधी. गावात गाडी शिरल्यापासून घरी बातमी पोचायला अर्धा तासही लागत नाही, आणि "आला तो आधी पार्टीला गेला" एवढे एक वाक्य आईच्या कानावर पडले, तर त्यानंतरच्या तुमच्या कोणत्याही बोलण्याला किंमत उरणार नाही. मित्रांचे जेवण पूजनाच्या रात्री आहे. ते विसर्जनानंतर ठेवा अशी विनंती करा. तसे जमत नसेल, तर त्या जेवणाला तुम्ही नाही. हवे तर दादांना विचारून मित्रांना पूजनाच्या संध्याकाळी दर्शनाला आणि प्रसादाला बोलवा. जाणे-येणे असलेली माणसे त्या संध्याकाळी येतातच.

मित्रांबद्दल आणखी एक सांगायचे आहे. वडिलांना शेवटच्या आजारात रात्री अकोल्याच्या दवाखान्यात नेणारा तुमचा वर्गमित्र होता, असा ओझरता उल्लेख तुम्ही केला आहे. त्याला एकट्याला भेटा, त्याच्या घरी जा, त्याच्या आईवडिलांची विचारपूस करा. जे मित्र गावात राहिले त्यांनी तुमच्या घराची ती वर्षे जवळून पाहिली, कदाचित तुमच्या भावाबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून काढली. त्याच्याकडून तुमच्या बाजूची साक्ष मिळवण्याचा मोह होईल, तो टाळा. भावाविषयी त्याने काही चांगले सांगितले, तर मध्ये न बोलता ऐका. तुम्हाला ठाऊक नसलेले वडिलांचे शेवटचे दिवस त्या मित्राला ठाऊक आहेत, आणि केवळ त्यासाठीही हा प्रवास करण्यासारखा आहे.

शेतीचा विषय या फेरीत काढू नका. दादांनी स्वतः काढला, तर "सोयाबीन घरात आले की दिवाळीनंतर दोन दिवस फक्त याच कामासाठी येतो" असे सांगून तारीख ठरवा आणि ती पाळा. दरम्यान सातबारा आणि आठ-अ चे उतारे काढून वकिलांना दाखवा. सर्व सहधारकांची संमती असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होऊ शकते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, त्यात "आम्हा दोघा भावांची जमीन" असेच शब्द आहेत. अमरावतीला दिलेल्या बहिणीचा उल्लेख फक्त राखीपुरता आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या हिश्शाला आईसुद्धा वारस आहे. म्हणजे ज्या वाटणीसाठी दोघे भाऊ सात वर्षे बोलला नाहीत, ती दोघांचीच नव्हती. हे मला जरा तिखट शब्दांत सांगावेसे वाटते, कारण बहिणी अशा वेळी गप्प बसतात आणि त्यांचे गप्प बसणे सगळ्यांना सोयीचे असते.

आईला सोबत आणण्याचे परस्पर ठरवू नका. एवढ्या लांबच्या प्रवासात तिच्या गुडघ्यांचे काय होईल हा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न असा की, तुम्ही आल्या आल्या तिला घेऊन निघालात, तर भावाला तो आरोप वाटेल, जणू इतकी वर्षे तिचे नीट झाले नाही. ती एकटी असताना तिला विचारा, "तुला कुठे राहावेसे वाटते?" तिने "इथेच" म्हटले, तर वाईट वाटून घेऊ नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी तुम्हीच जात राहा. फोनसुद्धा आता दादा घरी असतानाच्या वेळेला करत जा.

राहिला तुमच्या पत्नीचा आणि मुलांचा प्रश्न. त्या दिवशी पत्नीलाही बोल लागले होते असे तुम्ही लिहिता. तेव्हा "माझ्यासाठी चल" असा आग्रह त्यांना करू नका. "मी जातो आहे, वहिनींशी बोललो आहे, तू ठरव" असे सांगा आणि त्या आल्या नाहीत, तर गावी त्यांच्या वतीने सबबी सांगत बसू नका. मुलांना मात्र विचारा. पुतण्याने फोन करण्याचे धाडस केले आहे, त्याच्या वयाची चुलत भावंडे तुमच्या घरात आहेत, आणि मोठ्यांच्या भांडणात ती एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्यापैकी एक जरी तयार झाले, तर गाडीत शेजारी बसवून न्या, मेहकरला वाकडी वाट करून लोणारचे सरोवर दाखवा, आणि घरी पोचल्यावर त्याला पुतण्याच्या हवाली करून तुम्ही फुलोऱ्याच्या कामाला लागा. वहिनींना फोन या रविवारीच करा. माणसांचा आकडा त्यांना आठ दिवस आधी कळला पाहिजे.